बर्नाबा, हजार मीटरपर्यंत

आमच्या कापतुलेल गावात पळणाऱ्या माणसाचं कुणाला कौतुक नाही. इथे पोस्टमन पळतो, मास्तर पळतात, आणि हेडमास्तरांनी बोलावलं की मास्तर जरा जास्तच पळतात. सकाळी सहाला इटेनच्या रस्त्यावर उभं राहिलं तर तासाभरात शंभरएक माणसं लाल धुरळा उडवत निघून जातात, आणि रस्त्याकडेच्या शेळ्या मानसुद्धा वर करत नाहीत. कौतुक आहे ते पोचणाऱ्याचं. जो पोचतो त्याच्या नावाने बायका गाणी जुळवतात. जो नुसता निघतो त्याला किमोसोपच्या हॉटेलात चहा मिळतो, तोही रोख.

बर्नाबा किपचिरचिर निघण्यात पटाईत होता. त्याच्याइतकं झोकात निघणारा माणूस आमच्या डोंगरकड्यावर दुसरा झाला नाही. पोचण्याचं मात्र नाव नको.

किपचिरचिर म्हणजे घाईत जन्मलेला. त्याची आई कोबिलो गाय दोहत बसली होती. कळ आली तशी तिने बादली बाजूला सरकवली, आणि बादलीतला फेस बसायच्या आत बर्नाबा जगात हजर. उरलेली गाय दोहून मगच मी आत गेले, असं कोबिलो स्वतः सांगते. शेजारणी म्हणतात, उरलेलं दूध तिच्या सासूने काढलं. पण कोबिलोने हातातलं काम अर्धं सोडलं, असं तिच्या तोंडावर म्हणायची एकीचीही छाती नव्हती. ही बाई मक्याचं शेत खुरपायला घ्यायची ती शेवटच्या ओळीचं शेवटचं रोप झाल्याशिवाय कंबर सरळ करायची नाही. चहाचा कप हातात घेतला तर तळाच्या पत्तीपर्यंत. आणि अशा बाईच्या पोटी हा!

शाळेत असताना जिल्ह्याच्या पंधराशे मीटरला बर्नाबा उभा राहिला. अडीच फेऱ्यांपर्यंत तो इतका पुढे होता, की पंचांनी दुसऱ्या नंबरचीच चर्चा सुरू केली होती. मग त्याच्या पायांतलं कुणीतरी काढून घेतल्यासारखं झालं. मागची सगळी पोरं एकेक करून त्याला ओलांडून गेली. बर्नाबा रेघेपर्यंत पोचलाच नाही. शेवटचा जो पोचला, त्याचा तर बूट निघाला होता.

"सुरुवात काय, शेळीसुद्धा करते," कोबिलो घरी आल्यावर म्हणाली. "अर्धं पेरलेलं शेत माकडांचं असतं, बर्नाबा."

बर्नाबाने मान डोलावली. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मास्तरांनी त्याला सावकाश निघायला सांगून पाहिलं. पण हळू पळायचं कसं हे त्याला उमगेना, आणि जोरात पळून टिकायचं कसं हे त्याच्या फुप्फुसांना उमगेना.

त्याच्या नशिबाने इटेनला रुलोफ नावाचा, पळणाऱ्यांना परदेशी शर्यती मिळवून देणारा एक डच मॅनेजर यायचा. उन्हाने भाजून कायम टोमॅटो झालेला, आणि गळ्यात दोन घड्याळं. त्याने बर्नाबाच्या फेऱ्या मोजल्या. पहिली छप्पन्न सेकंदांची, दुसरी छप्पन्नची, पुढची अर्धी अठ्ठावीसची. रुलोफला वाटलं घड्याळ अडकलंय. त्याने दुसरं घड्याळ लावलं. तेच. मग त्याने बर्नाबाला सांगितलं, आता अठ्ठावन्नची फेरी मार. बर्नाबाने अठ्ठावन्नची मारली. साठची? साठची मारली. हातात घड्याळ नाही, मैदानावर काटा नाही, आणि एका सेकंदाचीही चूक नाही.

"हा माणूस नाही, घड्याळ आहे," रुलोफ म्हणाला. "फक्त चावी हजार मीटरची आहे."

अशी बर्नाबाला नोकरी लागली. मोठ्या शर्यतींत सगळ्यांपुढे एक जण भाड्याने पळवतात. त्याने ठरल्या वेगाने बाकीच्यांना ओढत न्यायचं, वारा अंगावर घ्यायचा, आणि हजार मीटर झाले की बाजूला होऊन गवतात जायचं. उरलेली शर्यत जिंकणाऱ्यांनी पळायची. धंद्यात या माणसाला ससा म्हणतात. बर्नाबाच्या आजोबांनी भाल्याने सिंह मारला होता, आणि नातू युरोपात ससा म्हणून कामाला लागला. हे किमोसोप प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा, आणि चहात साखर घालेपर्यंत स्वतःच हसत बसायचा.

पण हे सगळं आम्हाला पुढे कळलं. बर्नाबाची पहिली शर्यत ब्रुसेल्सची, आणि ती किमोसोपच्या टीव्हीवर दिसणार एवढंच गावाला माहीत होतं. टीव्ही गाडीच्या बॅटरीवर चालायचा. कोबिलो डोक्याला नवीन रुमाल बांधून पहिल्या बाकावर बसली. शर्यत सुटली आणि बर्नाबा पहिला! हॉटेलात असा ओरडा झाला की मागच्या खोलीतल्या कोंबड्या बाहेर आल्या. एक फेरी झाली, बर्नाबा पहिला. दुसरी झाली, बर्नाबा पहिला. जगातले मोठमोठे पळणारे त्याच्या पाठीमागे गुमान एका रांगेत. कोबिलोने शेजारणीचा हात इतका घट्ट धरला होता की त्या बाईला दोन दिवस मका सोलता आला नाही.

आणि मग बर्नाबा डावीकडे गवतात शिरला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला, आणि टीव्हीतून गेला.

"कुठे गेला?" कोबिलोने विचारलं.

शर्यत पुढे चालू होती, पण ती आता परक्यांची शर्यत होती.

"पोट बिघडलं असेल, आजी," किमोसोप म्हणाला. त्याला दया आली होती, आणि दया आली की तो खोटं बोलतो.

कोबिलोने ते दोन वर्षं खरं मानलं. पोराला युरोपचं अन्न सोसत नाही म्हणून ती दर खेपेला एका झाडाची कडू साल कुटून, पुडी बांधून त्याच्या बॅगेत घालायची. ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर एका कुत्र्याने ती पुडी हुंगली आणि तो मटकन खाली बसला. मग चार पोलीस आले. बर्नाबाने त्यांच्यासमोर चमचाभर भुकटी खाऊन दाखवली, आणि पुढची शर्यत त्याला खरोखरच मध्ये सोडावी लागेल अशी वेळ आणून ठेवली. त्यानंतर मात्र त्याने आईला समोर बसवून सगळं सांगायचं ठरवलं.

"म्हणजे तुला मध्येच सोडायचे पैसे देतात?" कोबिलो म्हणाली.

"हो."

"आणि पुरं केलंस तर?"

"तरी तेवढेच."

"गोऱ्यांकडे एवढं काम पडलंय का रे, की अर्धवट कामालाही वेगळा माणूस ठेवतात?"

"आई, मी पुढे असतो म्हणून बाकीचे जोरात पळतात. मी नसलो तर ते एकमेकांची तोंडं बघत बसतात."

"बघू देत की. तू पोचला असतास तोवर."

बर्नाबाने बॅगेतली उरलेली पुडी काढून तिच्यापुढे ठेवली.

आता एका तुंब्याबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे जिंकून आलेल्या माणसाला गावाच्या वेशीवर आंबवलेल्या दुधाचा तुंबा देतात. वाळवलेला भोपळा आतून एका ठरावीक झाडाच्या जळत्या काटकीने घासायचा, त्या काजळीवर उकळून निववलेलं दूध भरायचं, आणि झाकण लावून चारपाच दिवस ठेवायचं. दूध राखाडी होतं, आंबतं, आणि त्याला धुराचा असा वास येतो की परदेशी असलेला आमचा माणूस त्याच्या आठवणीने रडतो. त्याला मुर्सिक म्हणतात. पाहुण्याच्या हातात तुंबा देण्याआधी घरच्याने त्यातला एक घोट घ्यायचा असतो, दुधात वाईट काही नाही हे दाखवायला. आमच्या चीफसाहेबांकडे, म्हणजे गावच्या सरकारी मुख्याकडे, हा मान बरेचदा येई. त्यांचा एक घोट तीन घोटांचा असे, त्यामुळे चीफ असलेल्या समारंभात तुंबा मोठा घ्यायची पद्धत पडली होती.

बर्नाबा पहिल्यांदा परदेशी निघाला त्या वर्षी कोबिलोने वेलावरचा सगळ्यांत देखणा भोपळा हेरून ठेवला होता. वाळवला, कोरला, चामड्याची पट्टी लावून तिच्यावर कवड्या शिवल्या. गावात तसा तुंबा दुसरा नव्हता. तो चुलीच्या वर खुंटीला टांगलेला असायचा, रिकामा. अकरा वर्षं. या अकरा वर्षांत गावात नऊ माणसं जिंकून आली, आणि नऊ वेळा गावच्या सत्कार समितीने तुंबा मागितला. नऊ वेळा कोबिलो म्हणाली, "तो बर्नाबाचा आहे. शर्यत पुरी करून येईल तेव्हा."

"आजी, पुरी की जिंकून?" किमोसोपने एकदा विचारलं.

"मी एवढी हावरट नाही. शेवटचा आला तरी चालेल. पण रेघेपर्यंत येऊ दे त्याला."

बर्नाबाला तो तुंबा रोज दिसायचा. पुढे त्याने पत्र्याचं पक्कं घर बांधलं, चार काळ्या-पांढऱ्या गायी घेतल्या, बहिणींची शिक्षणं केली. मोठमोठ्या शहरांत लोक त्याचा फोन नंबर शोधत यायचे, कारण त्याच्यामागे पळणाऱ्याला विक्रमाची आशा असायची. पण आईच्या चुलीपाशी चहाला बसलं की डोक्यावर तुंबा. गायींचं दूध कोबिलो चहाला घ्यायची. तुंब्यात मात्र नाही. "अर्ध्या शर्यतींच्या गायी आहेत त्या," ती म्हणायची, "दूध मध्येच नासेल."

धंदा माणसाच्या अंगात भिनतो. न्हावी सगळ्यांची डोकी बघतो, मास्तर पाहुण्यांचीही हजेरी घेतात. बर्नाबा कुठेही चालला की चार पावलं पुढे असायचा, आणि ठिकाण जवळ आलं की डावीकडे सरकून उभा राहायचा. मयतीच्या वाटेवर तो सगळ्यांपुढे निघे, आणि खड्डा दिसला की गवतात. एकदा पाद्रींनी शेवटपर्यंत टिकणाऱ्यांवर प्रवचन दिलं. नाव घेतलं नाही, पण दर वाक्याला तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. बर्नाबा तिसऱ्या बाकावर होता. प्रार्थना संपायच्या जरा आधी तो डावीकडच्या दाराने बाहेर जाऊन उभा राहिला.

लग्नात तर कहर झाला. बर्नाबा आणि रोडा चर्चमध्ये हातात हात घालून पाद्रींकडे चालले होते. पाद्री दहा पावलांवर राहिले, आणि बर्नाबा रोडाचा हात सोडून डावीकडे झाला. कमरेवर हात ठेवून हुश्श करत उभा. रोडा एकटीच पाद्रींपुढे पोचली. मग ती मागे फिरली, त्याच्या कोटाची बाही धरली आणि त्याला ओढत नेलं. कोबिलोने रुमालाच्या टोकाआड तोंड लपवलं, ते हसायला की रडायला हे कुणाला कळलं नाही. तेव्हापासून रोडा नेहमी नवऱ्याच्या डाव्या हाताला चालते.

छत्तिसाव्या वर्षी बर्नाबाचे गुडघे कुरकुरायला लागले. रुलोफही म्हातारा झाला होता, टोमॅटो आता वाळत आला होता. दोघांनी ठरवलं, ऑस्लोची शर्यत शेवटची. आणि या शर्यतीत त्याच्या मागे पळणार होता आमचाच सिलास. बर्नाबाच्या शेजारचा, तेवीस वर्षांचा. बर्नाबाच्या पाठीकडे बघत बघतच तो पळायला शिकला होता. साडेतीन मिनिटांच्या आत पंधराशे मीटर, एवढंच त्याला हवं होतं.

निघायच्या आधी बर्नाबा आईकडे गेला.

"आई, या वेळी मी थांबणार नाही."

कोबिलो मका सोलत होती. तिने कणीस खाली ठेवलं नाही, पण हात थांबला. "म्हणजे?"

"हजार मीटर सिलासला नेतो, मग त्याला पुढे जाऊ देतो, आणि मागून पळत राहतो. रुलोफला विचारलंय. तो म्हणतो, सिलासच्या वाटेत येऊ नकोस, मग रांगत पोचलास तरी माझं काही म्हणणं नाही."

"रेघेपर्यंत?"

"रेघेपर्यंत."

"शेवटचा येशील."

"येईन."

"येऊ दे," कोबिलो म्हणाली, आणि ते कणीस पुरं सोलून मगच तिने डोळे पुसले.

शर्यतीच्या दिवशी सकाळी तिने तुंबा खाली उतरवला. अकरा वर्षांची काजळी आणि कोळिष्टकं धुतली, काटकी जाळून आतून घासला. मग अडचण आली. तिची स्वतःची म्हातारी गाय आटलेली होती. कोबिलो बर्नाबाच्या गोठ्यात गेली. काळ्या-पांढऱ्या गायींकडे थोडा वेळ पाहत राहिली. "आजपासून तुम्ही पुऱ्या," असं म्हणून तिने बादली लावली.

संध्याकाळी किमोसोपचं हॉटेल फुटेस्तोवर भरलं. आता वीज आली होती, टीव्ही मोठा होता, आणि कोबिलो त्याच पहिल्या बाकावर, हातात चहाचा कप घेऊन. शेजारीण या खेपेला दुसऱ्या बाकावर बसली होती.

शर्यत सुटली. बर्नाबा पुढे, त्याच्या टाचेमागे सिलास, मग बाकीचे. पहिली फेरी छप्पन्न. दोन मिळून एक मिनिट बावन्न. हॉटेलात शर्यतीपेक्षा लोकांचं लक्ष कोबिलोकडे जास्त. बर्नाबाचं तिकडे वेगळंच चाललं होतं. त्याच्या छातीत भाता चालत होता, मांड्या दगडाच्या झाल्या होत्या, आणि डोक्यात एकच होतं. थांबायचं नाही, उजवीकडे सरक, सिलासला आतून जाऊ दे, आणि पळत राहा. उजवीकडे. उजवीकडे. हजार मीटरची खूण आली. दोन मिनिटं वीस, सेकंदाचाही फरक नाही. मागून सिलासचा श्वास ऐकू आला, आणि बर्नाबाचा डावा पाय गवतात गेला.

त्याने पायाला काही विचारलं नव्हतं, आणि पाय काही विचारायला थांबला नव्हता. डाव्याच्या मागोमाग उजवा गेला. हात कमरेवर गेले. तेव्हा कुठे बर्नाबाला कळलं की आपण उभे आहोत. तो परत आत शिरायला वळला, पण आत आठ माणसं सुसाट चालली होती, आणि एका पंचाने त्याला आडवा हात लावला. बाहेर पडलेल्याला परत आत घेत नाहीत. "अहो, मला पुरी करायचीय!" असं तो आपल्या भाषेत ओरडला. पंच नॉर्वेचा होता. त्याने बर्नाबाची पाठ थोपटली आणि त्याला पाण्याची बाटली दिली.

सिलास तीन मिनिटं एकोणतीस सेकंदांत पोचला. किमोसोपचं हॉटेल डोक्यावर घेतलं लोकांनी. त्या गदारोळात बर्नाबाने ऑस्लोहून फोन केला, तो रोडाने घेतला.

"आई काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली."

"काहीच नाही? शिव्या?"

"नाही. चहा अर्धा टाकून उठली."

बर्नाबा फोन हातात धरून त्या परक्या गवतात बसला. अकरा वर्षांत त्याने ऐकलेले सगळे टोमणे एका बाजूला ठेवले, तरी त्या अर्ध्या कपाचं वजन जास्त झालं असतं. किमोसोपनेही तो कप त्या रात्री धुतला नाही. धुवावा की ठेवावा, त्याला कळेना.

पाचव्या दिवशी दोघं परत आले. समिती आदल्या दिवशीच कोबिलोच्या दारात येऊन गेली होती. या वेळी तिने नाही म्हटलं नाही.

"न्या," ती म्हणाली. "दूध तयार आहे, आणि दूध कुणाची वाट बघत नाही. परत टांगून करू काय? याच्या शर्यती संपल्या. पण घेऊन मी येणार. माझ्या हाताने देणार."

शाळेच्या मैदानापाशी सगळा गाव जमला होता. बायका हिरव्या वेलींचे हार घेऊन ओळीने उभ्या, चीफसाहेब टोपी घालून सर्वांत पुढे, त्यांच्याशेजारी कोबिलो, हातात कवड्यांचा तुंबा. पिकअप आली. मागचं फळकूट पडलं आणि सवयीप्रमाणे बर्नाबा पहिला उतरला. तो चालायला लागला तशी बायकांनी गाण्याला तोंड फोडलं. दहा पावलांवर येऊन बर्नाबा डावीकडे झाला. गाणं मध्येच तुटलं. मागून सिलास दिसला, तेव्हा ते पहिल्यापासून परत सुरू करावं लागलं. पोरं लोळून हसली. किमोसोप म्हणाला, "आमचा ससा घरीही चालू आहे!"

बर्नाबाही हसला, पण आईकडे न बघता.

सिलासच्या गळ्यात हार पडले. चीफसाहेबांनी भाषण केलं, त्यात रस्त्याच्या डांबरीकरणाचा मुद्दा तीनदा आला. मग ते घसा साफ करून तुंब्याकडे वळले. पहिला घोट आपला, अशा खात्रीने त्यांनी हातही पुढे केला. पण कोबिलोने तुंबा त्यांच्या हातावरून तसाच पुढे नेला.

"बर्नाबा," तिने हाक मारली. "इकडे ये."

बर्नाबा आला.

"पहिला घोट तू घे." तिचा आवाज सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा होता. "तुझंच काम ते. आधी पुढे व्हायचं, दुसऱ्यासाठी वाट करून द्यायची, आणि सरकायचं. घे. एक घोट घे आणि हो बाजूला."

कुणी हसलं नाही. किमोसोपही नाही. आम्ही सगळ्यांनी अकरा वर्षं बर्नाबाला टोमणे मारले, पण हा आईचा होता.

बर्नाबाने दोन्ही हातांनी तुंबा घेतला. झाकण काढलं. धुराचा वास आला. त्याने एक घोट घेतला. राखाडी दूध ओठांना लागलं, आणि त्याचा डावा पाय उचलला गेला.

डावीकडे रोडा उभी होती. पाय तिच्या पायावर पडला. "हं!" ती म्हणाली आणि जागची हलली नाही.

बर्नाबाने पाय परत जागेवर ठेवला आणि दुसरा घोट घेतला. मग तिसरा. चीफसाहेब कौतुकाने बघायला लागले, कारण तीनपर्यंत त्यांचा स्वतःचा हिशोब होता. चौथ्याला ते अस्वस्थ झाले. तुंबा मोठा होता, चीफसाहेबांच्या मापाने भरलेला. बर्नाबाने डोळे मिटले होते. गळ्याची घाटी एका चालीत वरखाली होत होती, एकसारखी, ना भरभर ना सावकाश. अर्धा तुंबा झाला असेल तेव्हा त्याच्या कपाळावर घाम आला.

"अरे, सिलासला ठेव!" चीफसाहेब म्हणाले.

"बर्नाबादादा," सिलास हसत म्हणाला, "मी इथे आहे हं."

बर्नाबा थांबला. तुंबा तोंडाशी तसाच धरून त्याने दोनदा जोरात श्वास घेतला. दोन तृतीयांश झाला होता. बघणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत होतं, कारण त्या जागी हा माणूस काय करतो ते गावाने अकरा वर्षं पाहिलं होतं. सगळ्यांची नजर त्याच्या डाव्या पायावर.

"दादा, पी!" सिलास एकदम ओरडला. "आता सोडू नकोस! मी मागे आहे!"

मग सगळा गाव ओरडायला लागला. बायकांनी गाणं धरलं, ते सिलासचंच होतं पण नाव बदललं. बर्नाबाने तुंबा वर केला. दूध हनुवटीवरून ओघळून शर्टावर आलं, पोट तट्ट फुगलं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेवटी तुंबा उभाच्या उभा आकाशाकडे झाला, आणि आतून कोरडा आवाज आला.

कोबिलोने तो त्याच्या हातातून घेतला. उलटा केला आणि हलवला. एक थेंब पडला नाही. तिने आत डोळा लावून पाहिलं, कारण तिचा कुणावर विश्वास नाही. मग तिने डोक्याच्या रुमालाच्या टोकाने बर्नाबाच्या ओठावरची राखाडी मिशी पुसली, लहानपणी पुसायची तशी, जोरात.

"पुरं केलंस," ती म्हणाली.

बर्नाबाला बोलता येत नव्हतं. तोंड उघडलं असतं तर दूध बाहेर आलं असतं.

"आणि सिलासला आता काय द्यायचं?" चीफसाहेबांनी विचारलं. त्यांचा हात अजून पुढेच होता.

"चहा," कोबिलो म्हणाली. "किमोसोप, चहा टाक. माझाही टाक. त्या दिवशीचा अर्धा राहिलाय."